आबांच्या दाबलेल्या फाइली

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. एकदा लिहिण्याच्या ओघात शिरलो की मी स्वतःची बाजू सावरायला लागतो, आणि त्या सवयीनेच मला इथपर्यंत आणलं आहे. दिगंबर आबांनी वर्षानुवर्षं नीट दाबून ठेवलेले माणसांचे आवाज मी बिघडवले. वर चार लोकांसमोर म्हणालो की आबांचं टूलच जुनं होतं.

आवाज दाबून ठेवतात म्हणजे काय, हे कळायचं तर आधी आबा कळायला हवेत.

आबांना रिकाम्या जागेचा राग आहे. डब्यात पोहे ओतले की ते डबा ओट्यावर आपटतात, पोहे खाली बसले की वर आणखी ओततात, पुन्हा आपटतात. त्यांच्या सूनबाई सांगतात की आबा घरी असले की शेजारी विचारतात, आज काय कुटताय? धुळ्याला चार दिवसांच्या लग्नाला निघाले तरी आबांची पिशवी जेवणाच्या डब्याएवढी. बुटात मोजे, मोज्यात दाढीचं सामान, आणि शर्टाची गुंडाळी इतकी घट्ट की भुसावळ स्टेशनवर एकदा पोलिसाने ती संशयाने काठीने टोचून पाहिली. आबांनी तिथेच बाकावर शर्ट उलगडून दाखवला. मग तो पुन्हा कसा गुंडाळायचा तेही त्याला शिकवलं. त्या शिकवणीत पोलिसाची गाडी चुकली असं आबा अभिमानाने सांगतात.

जेवायला बसले तरी तेच. पापड म्हणजे कॉम्प्युटरवर दाबून लहान केलेली फाइल, असं त्यांचं ठाम मत. तळला की उघडतो. उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या घालणाऱ्या आपल्या खान्देशातल्या बायांना ही विद्या कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी अवगत होती, आणि कुठल्याही पुस्तकात त्यांचं नाव नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटतं. भरिताच्या पार्टीला सगळे वांग्यांच्या चवीवर बोलत असतात तेव्हा आबा एवढी मोठी वांगी भाजून केवढीशी होतात याच्याकडे समाधानाने पाहत असतात.

त्यांच्या गल्लीत एका मारवाडी शेठचं कापडाचं दुकान आहे. शेठच्या गोडाऊनमध्ये जागा पुरत नव्हती. आबा आपण होऊन गेले, रविवारभर राबले आणि सगळा माल अर्ध्या जागेत बसवून दिला. शेठ खूश. मंगळवारी गिऱ्हाइकाने वरच्या रांगेतली साडी मागितली. नोकराने ओढली, तर सगळी थप्पी हलेना. दोघांनी ओढली, तरी नाही. शेवटी शेठ आबांच्या दारात आले आणि म्हणाले, "आबा, माल तो अंदर हो गया. अब गाहक को क्या दिखाऊं, दीवार?"

आबा हा किस्सा स्वतः सांगतात, आणि सांगून झालं की गंभीर होतात. कारण त्यांच्या मते दाबणं हे अर्धंच काम. बाकीचं अर्धं म्हणजे उघडून दाखवणं. मूळचे ते धुळ्याकडचे, आम्ही नोकरी करायचो त्या कॉलेजात सगळ्यांसारखंच बोलायचे, पण काळजाचं काही असलं की अहिराणीवर यायचे. कोणी कुठलंही काम झालं म्हणून सांगायला आलं की आबा दोनच शब्द बोलायचे: "उघाडी दखाड." उघडून दाखव. शिपायाने कपाट आवरलं, उघाडी दखाड. विद्यार्थ्याने प्रोजेक्ट आणला, उघाडी दखाड. माझ्या लग्नात आहेराचं खोकं हातात देऊन मलाही तेच म्हणाले. आत स्टीलचे डबे होते, एकात एक बसवलेले, सगळ्यात आतल्यात लवंगा.

हा धडा ते कसे शिकले, तेही सांगायला हवं. आमच्या जळगावच्या कॉलेजात आबा कॉम्प्युटर सेंटरचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली लागलो. तेव्हा सेंटरमध्ये युनिक्सचं एकच मोठं मशीन होतं, आणि त्याची डिस्क आजच्या मोबाइलपुढे चिमूटभर. जागा कायम कमी. आबांकडे त्यावर उपाय होता, कॉम्प्रेस नावाचा प्रोग्रॅम. फाइल दाबून लहान करायचा आणि ओळख म्हणून नावाच्या शेवटी मोठा झेड लावायचा. आबांना तो इतका आवडला की एका शनिवारी त्यांनी दिसेल ते दाबलं. प्राचार्यांची पत्रं दाबली, निकाल दाबले, आणि त्या भरात दाबलेलं उघडणारा प्रोग्रॅमच दाबून टाकला. सोमवारी सगळं कॉलेज बंद खोक्यात. धुळ्याच्या एका कॉलेजात तसंच मशीन होतं. आबा एसटीने गेले, फ्लॉपीवर प्रोग्रॅम घेतला आणि ती शर्टाच्या आत पोटाशी धरून परत आले. पुढे ते प्रत्येक दाबलेल्या संग्रहाशेजारी उघडणारा प्रोग्रॅम न दाबता ठेवू लागले.

आता आवाजांबद्दल.

त्या काळात कॉलेजने एक उपक्रम घेतला होता. गावोगावच्या जाणत्या शेतकऱ्यांना त्यांच्याच बोलीत बोलतं करायचं आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवायचं. चोपड्याकडचे केळीवाले, धरणगावचे कापूसवाले, धुळ्याकडचे बाजरीवाले. प्राध्यापक प्रश्न विचारायचे आणि आबा मायक्रोफोन धरायचे. नंतर टेपवरून ते सगळं मशीनवर घ्यायचं आणि कॉम्प्रेसने दाबायचं. आवाज काही फारसा दबत नाही. जागेचा चौथा हिस्सा वाचला तरी आबा दिवसभर खुशीत. टेपा पुढे बुरशीने गेल्या. राहिल्या त्या झेडवाल्या फाइली.

आबा निवृत्त झाले. मी सेंटरचा प्रमुख झालो. जुनं मशीन कोपऱ्यात धूळ खात राहिलं. गेल्या वर्षी कॉलेजने ठरवलं की वर्धापनदिनाला हे आवाज लोकांना ऐकवायचे, आणि बोलणाऱ्यांच्या घरच्यांनाही बोलवायचं. त्यासाठी फाइली नव्या सर्व्हरवर न्यायच्या होत्या. जुनं मशीन आणि नवा सर्व्हर यांचं थेट जमेना, म्हणून मी माझा विंडोजचा लॅपटॉप मधे घातला. जुन्यावरून लॅपटॉपवर, लॅपटॉपवरून नव्यावर. एक फाइल वाजवून पाहिली. खरखरत्या आवाजात एक माणूस म्हणाला, "मी नामदेव, सावद्याचा." मी बंद केलं. नावं तीच, संख्या तेवढीच, आवाज येतोय. आणखी काय पाहायचं?

त्या संध्याकाळी आबांचा फोन आला. जुनं मशीन भंगारात जाणार हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. फोनवर आबा शब्दही दाबूनच वापरतात. म्हणाले, "बठ्ठ्या ऐक्यात का?"

सगळ्या ऐकल्या का? मी म्हणालो, हो आबा, सगळ्या ऐकल्या.

दुसऱ्या आठवड्यात डिस्क पुसून मशीन भंगारवाल्याकडे गेलं. सही माझी.

कार्यक्रमाच्या तयारीच्या बैठकीत प्राचार्य म्हणाले, एखादा आवाज लावा बघू. मी लावला. काही सेकंद माणूस बोलला, मग खर्रर्र. दुसरा लावला, तो थोडा जास्त बोलला, मग खर्रर्र. तिसरा तसाच. सगळे माझ्याकडे पाहत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, हे फार जुन्या टूलने दाबलंय. आबांच्या वेळचं. आता ते कोणी वापरत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. आबा आणि जुनं, हे सगळ्यांना लगेच पटलं. कोणीतरी शर्टाच्या गुंडाळीची आठवण काढली आणि हशा झाला. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडला आणि मला कारण दिसलं. फाइली इकडून तिकडे नेणाऱ्या प्रोग्रॅमला सांगावं लागतं, की हा साधा मजकूर आहे, की जसंच्या तसं न्यायचं काही आहे. मजकूर म्हटलं की तो मदत करायला जातो. युनिक्सची आणि विंडोजची ओळ संपल्याची खूण वेगळी, म्हणून वाटेत तो त्या खुणा बदलतो. पत्राला ते चालतं. दाबलेल्या आवाजात ती खूण म्हणजे खूण नसते, आवाजाचाच कण असतो. अशा बदलाबदलीत एक कण गळला की पुढचं सगळं एका घराने सरकतं आणि उघडणारा गोंधळतो. माझ्या लॅपटॉपवर 'मजकूर' अशी निवड होती. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा.

मी ती निवड बदलली आणि लॅपटॉप मिटला. बस, एवढंच केलं.

आबांना प्राचार्यांनी बोलावून घेतलं. ते आले ते सगळा दोष अंगावर घेऊनच. माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले आणि रोज यायला लागले. डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा, आणि एका पेनड्राइव्हवर जगातले सगळे उघडणारे प्रोग्रॅम. जुन्या कॉम्प्रेसच्या वेगवेगळ्या आवृत्त्या त्यांनी शोधून आणल्या, नव्या मशीनवर बसवल्या. कुठली आवृत्ती कमी मेमरीसाठी होती, कुठली जास्त मेमरीसाठी, हे तोंडपाठ. एखादा प्रोग्रॅम फाइल ओळखतच नसे, एखादा अर्ध्यात तक्रार करून थांबे. प्रत्येक तक्रार आबा मोठ्याने वाचायचे आणि तिच्याशी वाद घालायचे, जसं काही ती समोर बसलीय. मुलं चहा प्यायच्या निमित्ताने ऐकायला यायची. मला हसू यायचं आणि लगेच मी स्क्रीनकडे तोंड वळवायचो.

एक दिवस ते कुठली फाइल कुठे अडते ते कागदावर लिहीत बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले की गंमत बघ, टूल खराब असतं तर सगळ्या फाइली एकाच कारणाने, एकाच पद्धतीने अडल्या असत्या. ह्या तर कुठेही अडतात. कोणी लवकर, कोणी उशिरा. हे दाबताना बिघडलेलं दिसत नाही. त्यांचे डोळे चमकत होते. कोडं सुटायला लागलं की ते तसे चमकतात.

"प्रमोद," ते म्हणाले, "त्या फाइली तू आन्यात कशा?"

"जशा होत्या तशा, आबा."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास होता की तो रस्ता त्यांनी तिथेच बंद केला आणि पुन्हा आपल्या आवृत्त्यांकडे वळले. डोळ्यांतली चमक गेली. मी ती जाताना पाहिली. मी हे का केलं? बैठकीत हसलो होतो, म्हणून. आधी फोनवर खोटं बोललो होतो, म्हणून. एक खोटं सांभाळायला दुसरं लागलं, आणि दोन्ही खोटी मी आबांशीच बोललो.

कार्यक्रम रद्द झाला. आबांचं येणं थांबलं. मला वाटलं, संपलं. मग सेंटरमधल्या एकाने सांगितलं, आबा गावोगाव फिरतायत. ध्वनिमुद्रण केलेल्या माणसांपैकी जे हयात आहेत त्यांच्याकडे, नाहीतर त्यांच्या घरच्यांकडे. बसने जातात आणि माफी मागून येतात.

मी त्यांच्या घरी गेलो. आबा चप्पल घालत होते, सावद्याला निघाले होते. मी म्हणालो, बसने नको, मी गाडीने सोडतो. वाटेत सांगून टाकू, असं मनाशी ठरवलं होतं. भुसावळ गेलं, फैजपूर गेलं, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या, केळीच्या ट्रकांमागे गाडी रेंगाळत राहिली, आणि मी उन्हाविषयी बोलत राहिलो. आबा नामदेव दादांविषयी बोलत होते. दादांना मायक्रोफोनची भीती वाटायची, म्हणून आबांनी तो उपरण्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिला होता, असं सांगत होते.

नामदेव दादा जाऊन बरीच वर्षं झाली. दार त्यांच्या बायकोने, सिंधूअक्कांनी उघडलं. आबांना त्यांनी लगेच ओळखलं. पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली. आबा बसले नाहीत. हात जोडून उभ्याउभ्याच म्हणाले, "अक्का, दादांचा आवाज माझ्याकडे ठेवायला दिला होता. माझ्या हातून गेला. मी नीट ठेवू शकलो नाही."

अक्का पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "एकदाच आयकला व्हता मी, भाऊ. तुमी लावून दाखोला तवा. दाराआडून."

"माहितीय," आबा म्हणाले. "शब्द आहेत माझ्याकडे, ऐकून ऐकून पाठ झालेले. आवाज नाही. शब्द सांगू का?"

त्यांनी होकार दिला. आबा सतरंजीवर बसले, डोळे मिटले आणि बोलायला लागले. आयुष्यभर सगळं दाबून लहान करणारा माणूस एकेक वाक्य पूर्ण लांबीने, मधल्या खोकल्यासकट सोडवत होता. घड काढायची वेळ कशी ओळखायची ते दादा सांगत होते. केळाच्या कडा बोटाला लागतायत तोवर थांबायचं. कडा गेल्या, केळं गोल लागलं, की काढायचं. मग प्राध्यापकांनी विचारलं होतं, हे तुम्ही कुणाकडून शिकलात? आबांनी आपला आवाज दादांसारखा किंचित खाली आणला. "खरं सांगू का, मले काही समजत नाही. घरची बागेतून एक चक्कर मारते आन सांगते, हा घड काढा. मी काढतो. नाव माझं व्हते."

आबा पुढे जाणार, तोच अक्कांनी हात वर केला.

"तठी ते हासले व्हते," त्या म्हणाल्या.

आबा थांबले. "हो," म्हणाले. "हसले होते. ते मला करता येत नाही."

 अक्का भिंतीकडे पाहत होत्या. आबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. आणि मला एकदम दिसलं की एका बाईच्या नवऱ्याने जन्मात एकदा, लोकांसमोर, तिचं श्रेय तिला दिलं होतं आणि हसला होता. ते हसू मी गाळलं होतं. आणि त्याची माफी हा म्हातारा बसने फिरून मागत होता.

"आबा," मी म्हणालो, "टूल नीट होतं. तुम्ही नीट दाबलं होतं. फाइली मी नेल्या, मजकूर म्हणून. दोनदा. आणि हे मला बैठकीच्या दुसऱ्याच दिवसापासून माहिती आहे."

आबा माझ्याकडे पाहत राहिले. रागावतील म्हणून मी वाट पाहिली.  चेहऱ्यावर आधी दुखावल्याचं दिसलं. ते मी विसरणार नाही. मग हळूहळू, त्यांना स्वतःला थांबवता येत नसल्यासारखी, डोळ्यांत ती कोडं सोडवतानाची चमक आली.

"दोन्ही बाजू मजकूर?"

"दोन्ही."

"म्हणजे ओळीच्या खुणेआधीचाच कण गळलाय. दुसरं काहीच नाही." ते बोटांनी सतरंजीवर काहीतरी मांडत होते. कुठे गळला असेल त्या जागा मोजक्या, एकेक जागी कण परत घालून बघायचा, पुढचं ऐकायचं, जुळलं तर पुढे सरकायचं. वर्ष लागेल, दोन लागतील. मग हात थांबला. ते स्वतःशीच म्हणाले, "मंग तो आवाज गया नही. वाटमा सांडना. येचता येई." आवाज गेला नव्हता, वाटेत सांडला होता; वेचता येणार होता.

मी त्यांच्या पायांकडे वाकलो. त्यांनी माझा दंड धरला आणि मला सरळ केलं. पकड घट्ट होती. माया होती का राग, ते मला अजून सांगता येत नाही.

"माले नको सांगू," ते म्हणाले. "अक्काले सांग."

अक्कांना आमचं निम्मं कळलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. आडवळणाने सांगता येतील अशी पुष्कळ वाक्यं मला त्या क्षणी सुचली. ती सगळी सोडून दिली.

"अक्का, दादांचा आवाज आबांच्या हातून गेला नाही. तो माझ्या हातून बिघडला. पूर्ण ऐकला म्हणून मी सांगितलं, आणि नुसतं नाव ऐकून बंद केला होता. आबांना दोष दिला तोही मीच. माझं चुकलं. मला माफ करा."